नवे प्रयोग जरा थांबवा, आधी साठलेला डेटा पिंजून काढा!

पेशीपुराण (धागाकर्ता):
सार्वजनिक डेटाबँकांत जनुकांच्या डेटाचे ढीग पडलेत. एका पेपरपुरते वापरले की नंतर कोणी ढुंकूनही बघत नाही, आणि आपण नव्या नमुन्यांसाठी निधी मागत फिरतो. १९९५ मध्ये हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या जिवाणूचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, हाती आला तो तुकड्यातुकड्यांतून. ती १८ लाख अक्षरं जुळवली संगणकाने. प्रथिनाची साखळी कशी घडी घेते हे ओळखण्यात २०२० मध्ये अल्फाफोल्ड या संगणकी प्रणालीने सगळ्यांना मागे टाकलं, २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याला वाटाही मिळाला. माझं मत: निम्मा निधी संगणक आणि संख्याशास्त्रवाल्यांना द्या. बोला!

शंकासुर:
अल्फाफोल्ड तुमच्यावरच उलटतंय. ते शिकलं कशावर? १९७१ पासून प्रोटीन डेटा बँकेत जमा होत गेलेल्या, प्रयोगाने शोधलेल्या प्रथिन-रचनांवर. एकेका प्रथिनाचे स्फटिक वाढवताना लोकांची उमेदीची वर्षं गेली, तेव्हा ते घबाड जमलं. शिवाय तिथे उत्तर प्रयोगाशी ताडून बघता येतं. आता माणसाची सुमारे २० हजार जनुकं घ्या आणि ०.०५ ची पट्टी लावा, म्हणजे फरक नसतानाही शंभरातली पाच योगायोगाने पास होणार. खरा फरक शून्य असला तरी हजारेक 'महत्त्वाची' जनुकं निघतील. त्यातलं एखादं कर्करोगाशी जोडायला कल्पनाशक्ती पुरते.

पेशीपुराण:
जुनं रडगाणं. बेंजामिनी-हॉखबर्ग या संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ मध्येच उपाय दिलाय. खोटे शोध किती टक्के चालतील ते आधी ठरवा, त्या हिशेबाने यादी छाटा. एका ओळीचं काम.

तिरकी रेघ:
ती ओळ योगायोगाने आलेली जनुकं आवरते. आखणीच फसली असेल तर ती काय करणार? समजा, रुग्णांचे सगळे नमुने मार्चमध्ये यंत्रावर चढवले, निरोगी लोकांचे जूनमध्ये, आणि मधे रसायनाची बाटली बदलली. दिसणारा फरक आजाराचा की बाटलीचा? आजार आणि बाटली, दोन्ही रकाने हुबेहूब सारखे, मग सॉफ्टवेअर वेगळं काढणार तरी कसं?

असं घडलंयही. २००७ मध्ये एका पेपरने सांगितलं की युरोपीय आणि आशियाई वंशाच्या लोकांत तपासलेल्या जनुकांपैकी सुमारे चौथा हिस्सा वेगळ्या पातळीवर चालतो. नंतर कळलं, युरोपीय नमुने मुख्यतः २००३-०४ मध्ये मोजलेले, आशियाई २००५-०६ मध्ये. वर्ष हिशेबात धरलं आणि फरक जवळपास विरला.

पेशीपुराण:
आणि हे पकडलं कोणी? त्याच फायली पुन्हा उघडून तारखा बघणाऱ्यांनी. माझाच मुद्दा की!

शंकासुर:
पकडलं हो. पण खरा फरक किती, ते त्या डेटातून सांगता आलं का? १९३८ च्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत संख्याशास्त्रज्ञ फिशर याच अर्थाचं बोलले होते: प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुतेकदा शवविच्छेदनाला बोलावणं.

वाचनमात्र:
मध्येच तोंड घालतो. एक्सेलने 'मार्च१' या जनुकाची १ मार्च ही तारीख करून टाकलेल्या याद्या कितीजण तपासतात? शेवटी २०२० मध्ये अशा जनुकांचीच नावं बदलावी लागली! चालू द्या तुमचं.

तिरकी रेघ:
हल्ली एकेका पेशीचा डेटा येतो, तिथे तर कहर. तीन आजारी उंदीर, तीन निरोगी, प्रत्येकाच्या दोन हजार पेशी. लोक बिनदिक्कत १२ हजार स्वतंत्र नमुने धरतात आणि पी-मूल्य (खरा फरक नसताना योगायोगानेच इतका फरक दिसण्याची शक्यता) शून्याला टेकतं. अहो, उंदीर सहाच आहेत! एका उंदराच्या पेशी एकमेकींसारख्या असणारच. आधी उंदीरवार बेरीज करा, मग तुलना. मग बघा यादीत काय उरतं ते.

पेशीपुराण:
हे मान्य. कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर, कोणत्या उंदराची पेशी, हे लिहिलेलं नसेल तर डेटाबँकेने फाइल सरळ परत पाठवावी. पण त्यासाठी हिशेब जाणणारी माणसं वाढवायलाच हवीत ना? निम्मा निधी. मागे हटत नाही.

शंकासुर:
वाढवा की! फक्त त्यांना प्रयोग आखायच्या बैठकीला बसवा, शेवटी आकृत्या रंगवायला नको. आणि निम्मा विसरा, चौथाईवर बोला.