सांगलीत अभ्यासाच्या खोलीसाठी जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर: ३० हजारांत काय घेऊ?

विश्रामबागकर

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला अंदाज येईल.

वडील गेल्यावर त्यांच्या १४० कॅसेट आणि चाळीसेक एलपी माझ्याकडे आल्या. निम्म्या कॅसेट त्यांनी स्वतः भरलेल्या आहेत. काही रेडिओवरून घेतलेल्या, आणि बऱ्याच मिरजेच्या दर्ग्यात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात गाणं होतं, तिथं ते दरवर्षी मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे. मी रोज रात्री साडेनऊ ते अकरा या कॅसेट ऐकते आणि बंदिशींचे शब्द वहीत उतरवते. सध्या कॅसेट डेकची वायर एका छोट्या ब्लूटूथ स्पीकरला जोडली आहे. त्यावर सूर कळतो, शब्द कळत नाही. 'र' आणि 'ह' एकसारखे येतात. तानपुरा तर पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो, आणि आमच्या घरी मिरजेचाच तानपुरा असल्यामुळे ते फार टोचतं.

खोली १० बाय ११ फूट, पहिला मजला, दोन भिंतींना पुस्तकं, टेबल खिडकीखाली. शेजारच्या खोलीत आई झोपते, त्यामुळे आवाज बेताचाच. एलपीसाठी फोनो आणि डेकसाठी टेप, दोन्ही जोडण्या हव्यात, म्हणून जुना अ‍ॅम्प्लिफायर शोधते आहे.

आतापर्यंत बघितलेलं: कोल्हापुरात चंदेरी तोंडाचा एक जपानी अ‍ॅम्प्लिफायर, ७० वॉट, मागे १०० व्होल्ट लिहिलेलं, स्टेपडाउनसकट (घरची वीज १०० व्होल्टवर उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) १६ हजार. पुण्यात एनएडी ३०२० नावाचा अ‍ॅम्प्लिफायर, १४ हजार, चालू आहे पण आवाजाचं बटण फिरवताना खरखरतं. स्पीकरमध्ये खणभागातल्या एका घरातून १२ इंची वूफरची (खालचे स्वर देणारा गोल) मोठी तीन-वे जोडी ६ हजारांत मिळते आहे. दुसरी, मिरजेत एकांकडे ब्रिटिश बनावटीची लहान दोन-वे जोडी, रबराच्या कडा, ११ हजार. मला मोठी जोडी आणि ७० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आवडला आहे. चुकते आहे का?

कृष्णाकाठ

ताई, एवढ्या पैशात नवे पॉवर्ड स्पीकर येतात, वॉरंटीसकट. अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो. जुन्या वस्तूच्या मागे लागलं की दर सहा महिन्यांनी दुरुस्ती. फोनोसाठी वेगळी छोटी डबी मिळते. मी हाच रस्ता धरला आणि समाधानी आहे.

विश्रामबागकर

मनापासून आभार. तो पर्याय मनात ठेवते. पण एक भाग बिघडला म्हणून सगळी पेटी टाकून द्यायची, हे मला नको आहे. इथल्या माणसाला उघडून दुरुस्त करता येईल असं काहीतरी हवं.

जवारी, मिरज

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. ३१ वर्षं रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतोय. दुकानापासून चालत गेलं की तंतुवाद्य करणाऱ्यांची गल्ली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच कारागिरांच्या हातांचं. तिथल्या एका कारागिराकडून मी ऐकायला शिकलो. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावताना तो तारांखालची घोडी कानशीनं घासतो, तारेखाली रेशमाचा दोरा पुढंमागं सरकवतो, आणि एका क्षणी तार उघडते. ते 'उघडणं' स्पीकरमधून आलं तर स्पीकर खरा. कुठलाही स्पीकर घ्यायचा असेल तर मी आधी तानपुराच लावतो.

आता खर्जाचं, म्हणजे सर्वांत खालच्या तारेचं, बघा. तुमचा तानपुरा पुरुषी असेल, काळी एक, तर मधला षड्ज साधारण १३९ हर्ट्झ आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झ. बायकांचा काळी चारचा असेल तर खर्ज १०४ च्या आसपास. म्हणजे तुमच्या कामाला ३० हर्ट्झपर्यंत जाणारा १२ इंची वूफर लागतच नाही. चांगली लहान पेटी ७० पर्यंत येते, आणि जवारीमुळे खर्जाच्या तारेतून वरचे इतके स्वर निघतात की कान खालचा स्वर आपोआप धरतो. शब्द ऐकू येतात ते मधल्या आणि वरच्या पट्ट्यात. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या रेकॉर्डिंगच्या गाड्यांमध्ये निवेदन तपासायला एलएस ३/५ए नावाचा स्पीकर केला. तो जेमतेम एक फूट उंच आणि चारी बाजूंनी बंद आहे. माणसाचा आवाज खरा यावा हाच त्यामागचा हेतू. अस्सल जोडी तुमच्या बजेटच्या कितीतरी पलीकडे, ती शोधू नका. पण लहान ब्रिटिश पेट्यांमध्ये तो विचार पुष्कळ ठिकाणी उतरला, म्हणून मिरजेतली जोडी मला जास्त पटते.

वॉटबद्दल. ८६ डेसिबलचा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८६ डेसिबल देतो, आणि तो आवाज चांगलाच मोठा असतो. तुम्ही सहा फुटांवर बसणार, आई शेजारी झोपणार. तुमचा रोजचा खर्च अर्धा वॉटसुद्धा नाही. २० वॉट म्हणजे एका वॉटच्या वर १३ डेसिबल शिल्लक. ७० वॉट घेतले तर त्यावर साडेपाचच डेसिबल वाढतात, कारण दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते. एनएडी ३०२० हा १९७८ चा, कागदावर २० वॉटचा, आणि त्या २० वॉटांवर जगभर लोकांनी गाणं ऐकलंय. फोनो आहे, टेप आहे. खरखर म्हणजे बटणामागच्या पोटेन्शियोमीटरमध्ये चाळीस वर्षांची धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण पन्नास वेळा फिरवलं की बहुतेक वेळा जाते.

खणभागातली जोडी मात्र जपून. ती पेटी ऑगस्ट २०१९ मध्ये कुठं होती हे आधी विचारा. त्या पुरात खणभाग, मारुती चौक, सगळं पाण्यात होतं. पुढची दोन वर्षं माझ्याकडं पुरातले स्पीकर येत होते, वरून पुसून पॉलिश केलेले. ओळखायचं कसं? पेटी आडवी करून तळ बघा. पार्टिकल बोर्ड पाण्यानं फुगतो आणि कडेला भुगा सुटतो, नखानं टोकरलं तरी कळतं. आत टॉर्च मारा, गाळाची रेघ दिसते. वूफरचे स्क्रू गंजलेत का, चुंबकाभोवतीच्या पत्र्यावर लाली आहे का बघा. पाणी गेलेल्या वूफरची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) आज चालते, उद्या घासते.

पूर नसला तरी फोमच्या कडांचा प्रश्न आहेच. मोठ्या वूफरना बहुधा फोमची कड असते. ती आपल्या हवेत पंधरा-वीस वर्षांत चिक्कीसारखी ठिसूळ होते. बोट लावलं की तुकडे. फोम बदलता येतो, पण बदलणारा माणूस धीराचा पाहिजे. घाईत काही जण सगळा कोनच (हलणारा कागदी पडदा) बदलून लाउडस्पीकरचा कोन आणि कॉइल बसवतात. मग पेटी तीच राहते, स्पीकर दुसराच होतो. रबराची कड या हवेत जास्त टिकते.

घ्यायला जाताना मल्टिमीटर न्या. ८ ओहमच्या पेटीला साधारण ६ ते ७ दाखवेल. वूफरचं झालं हे. ट्वीटरच्या (वरचे स्वर देणारा छोटा गोल) वाटेत कपॅसिटर असतो, तो मीटरला कळत नाही, म्हणून कान ट्वीटरजवळ नेऊनच ऐकायचं, डावं-उजवं दोन्ही. पाची बोटं पसरून कोन अलगद आत ढकला. खर्रकन आवाज आला तर कॉइल घासते. अ‍ॅम्प्लिफायरचे स्पीकर काढून ठेवा, आवाज शून्यावर, आणि स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. २०-३० उत्तम, १०० च्या वर असेल तर तो तसाच जोडायचा नाही. तो डीसी स्पीकरची कॉइल जाळतो.

आणि ३० हजारांतले ५ हजार आत्ताच बाजूला काढा. चाळीस वर्षांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बहुधा सुकलेले असतात. ते बदलणं बिघाड नव्हे, सर्व्हिसिंग आहे, गाडीचं ऑइल बदलावं तसं. घेतल्यावर लगेच भिंतीत प्लग लावू नका. माझ्याकडं सिरीज बोर्ड आहे, ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब मध्ये घातलेला. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. तसाच भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बामुळं तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचला.

अजिंक्यतारा

जवारीकाकांनी १०० व्होल्टबद्दल लिहायचं ठेवलं, ते मी साताऱ्याहून लिहितो, कारण ते मला महाग पडलं आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी जपानी अ‍ॅम्प्लिफायर घेतला. जपानच्या घरात १०० व्होल्ट असतात, आपल्याकडे २३०. दोन वर्षं स्टेपडाउनवर तो फार सुंदर वाजला. मग दिवाळीत साफसफाई झाली, घरातल्या कुणीतरी मदत म्हणून वायर थेट भिंतीत लावली. एक सेकंद गुणगुण, मग वास. मुख्य ट्रान्सफॉर्मर गेला, आणि तसाच दुसरा मला आजतागायत मिळालेला नाही. कुणाची चूक म्हणून सांगत नाही. घरात चार माणसं वावरतात, तिथे एक वायर कायम लक्षात ठेवायची सक्ती नको, एवढंच. मागच्या पाटीवर २२० किंवा २४० लिहिलं असेल, किंवा व्होल्टेज निवडायची खाच असेल, तरच घ्या. घेणारच असाल तर स्टेपडाउन अ‍ॅम्प्लिफायरलाच पक्का बांधा आणि प्लग कापून टाका.

आपल्याकडच्या जुन्या सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्सकडेही बघा. ते इथल्याच विजेसाठी बनले. आत एसटीके आयसी (आवाज वाढवणारी तयार चिप) असेल आणि ती बदललेली असेल, तर नवी कुठून आणली ते विचारा. नकली एसटीके फार फिरतात.

विश्रामबागकर

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, सगळं करून बघितल्यावर.

खणभागातल्या पेट्या आडव्या केल्या. तळाची कड बोटाला ओली नव्हती, पण भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटली. त्या घरातल्या आजींनी स्वतःच सांगितलं, पाणी खिडकीपर्यंत होतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून चहा घेऊन निघाले.

एनएडी पुण्याहून आणला, मागे २४० व्होल्ट. काकांच्या दुकानात सिरीज बोर्डवर लावला, बल्ब मंदावला. डीसी डावीकडे १४, उजवीकडे २२ मिलिव्होल्ट. कपॅसिटर आणि सफाईचे मिळून ३,८०० झाले. मिरजेतली लहान जोडी साडेनऊ हजारांना मिळाली. विकणाऱ्या काकांनी समोर तानपुरा लावू दिला. मी दाराशी उभी होते. पंचम, जोड, जोड, खर्ज. खर्जानंतर जो झंकार वर चढत जातो तो आला, आणि मला पुढचं काही विचारावंसं वाटलं नाही.

आधी पेट्या पुस्तकांच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. मागे हवेचं भोक असल्यामुळे आवाज घुमायला लागला. आता दोन लाकडी स्टुलांवर आहेत, भिंतीपासून दीड फूट, एकमेकींपासून पाच फूट, ट्वीटर माझ्या कानाच्या उंचीला. मागच्या पुस्तकांचा फायदा होतो असं वाटतं, खोली कोरडी ऐकू येते.

एलपी अप्रतिम. रेडिओवरून घेतलेल्या कॅसेटही छान. पण वडिलांच्या दर्ग्यातल्या कॅसेट अजूनही घोंगडीखालून आल्यासारख्या. स्पीकर बदलून त्यात फरक पडला नाही. काका, हे कशानं?

जवारी, मिरज

दोन गोष्टी बघा. डेकवरचं डॉल्बी (टेपची सळसळ कमी करणारी सोय) बंद आहे ना? वडिलांच्या हातातल्या टेपरेकॉर्डरला डॉल्बी नसणार, आणि साध्या कॅसेटवर ते चालू ठेवलं की वरचे स्वर कापले जातात. दुसरं, टेप वाचणाऱ्या हेडचा तिरकेपणा. त्यांच्या रेकॉर्डरचं हेड केसभर तिरकं असेल तर आवाज टेपवर तेवढ्याच तिरकेपणानं बसलाय. तुमच्या डेकचं हेड सरळ आहे, म्हणून वरचे स्वर निसटतात आणि शब्द बोथट होतात. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवाला स्क्रू असतो. आधी त्यावर पेनानं खूण करा, म्हणजे परत मूळ जागी आणता येईल. कॅसेट चालू ठेवून बारीक स्क्रूड्रायव्हरनं अगदी किंचित फिरवा, एका बाजूला, मग दुसऱ्या. गाण्याकडं लक्ष नको, टाळ्या ऐका. त्या सर्वांत स्वच्छ जिथं येतील तिथं थांबा. स्क्रूड्रायव्हर चुंबकाचा नको. आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या.

विश्रामबागकर

डॉल्बी चालूच होतं. बंद केलं. स्क्रू घड्याळाच्या दिशेनं पाव वळशाहून कमी फिरवला आणि टाळ्या एकदम सुट्या सुट्या झाल्या. त्यानंतर कुणीतरी खोकलं, ते वडील होते, ओळखलं.

बंदिशीच्या अस्ताईतला (पहिल्या भागातला) दुसरा शब्द 'मोरे' नाही, 'मोहे' आहे. वहीत दुरुस्त केला.