मुदत संपलेला हार्नेस, जुना हान्स आणि एसए२०१५ हेल्मेट: यातील काय पुन्हा प्रमाणित होते?

कोथरूड_गॅरेज:
नमस्कार. पुढील हंगामात ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत आखलेल्या मार्गावर एकेकट्या गाडीची वेळेशी शर्यत) आणि जमल्यास एखाद्या रॅलीत उतरण्याचा विचार असल्याने कोइमतूरच्या एका निवृत्त चालकाकडून सगळी सुरक्षा-साधने एकत्रच विकत घेतली आहेत. त्यात सहा पट्ट्यांचा हार्नेस (चालकाला सीटला बांधणारे पट्टे) असून त्याच्या एसएफआय १६.१ (शर्यतीच्या साधनांचे अमेरिकी मानक) च्या लेबलवर मार्च २०२१ वर छिद्र पाडलेले आहे. हान्सवर (धक्क्यात मान-डोके रोखणारे, खांद्यांवर बसणारे साधन) एसएफआय ३८.१ चे २०१९ चे लेबल आहे. हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए२०१५ मानकाचे आहे. आणि नोमेक्स या अग्निरोधक कापडाच्या सूटवर डाव्या मांडीपाशी ऑइलचा तळहाताएवढा डाग आहे. हार्नेस जेमतेम दोन शर्यतींत वापरला गेला, त्यामुळे तारीख उलटली असली तरी तो तपासून पुन्हा प्रमाणित करून मिळतो, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. ते खरे आहे का, आणि स्क्रुटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीत, नेमके काय अडेल?

तपासनीस_नाशिक:
विक्रेत्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. एसएफआयच्या लेबलवरील छिद्र उत्पादनाचा महिना आणि वर्ष दाखवते, आणि मुदत त्या दिवसापासून दोन वर्षे मोजतात. हार्नेस गाडीत होता की कपाटात, याने त्यात काही फरक पडत नाही. पुन्हा प्रमाणित करणे म्हणजे येथे कोणी पट्टा पाहून नवा शिक्का मारणे नव्हे, तर हार्नेस मूळ उत्पादकाकडे परत पाठवायचा, त्याने सगळे पट्टे बदलायचे, बकल तपासायचे आणि नव्या तारखेचे लेबल शिवायचे. भारतातून जाण्यायेण्याचा खर्च आणि सीमाशुल्क धरले तर हा व्यवहार परवडत नाही, असे माझे मत आहे. त्याऐवजी एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट महासंघाच्या ८८५३-२०१६ मानकाचा हार्नेस घ्यावा; त्याच्या लेबलवर ज्या वर्षानंतर वापरू नये ते वर्ष छापलेले असते आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत तो चालतो, म्हणजे नवा घेतल्यास साधारण पाच वर्षे मिळतात. लेबल नसलेला हार्नेस मात्र कितीही नवा दिसला तरी घेऊ नये.

मुदतीइतकीच प्रत्यक्ष स्थितीही महत्त्वाची असते, आणि लेबल चालू असूनही मी हार्नेस नाकारलेले आहेत. पट्टा पूर्ण उलगडून दोन्ही कडांवरून अंगठा फिरवावा, धागे उसवून लव आली आहे का ते पाहावे, आणि ॲडजस्टरमधून (पट्ट्याची लांबी कमी-जास्त करणारी कडी) जाणारा पट्टा एका कोपऱ्यात गोळा होऊन दुमडत तर नाही ना, याची खात्री करावी, कारण तसा गोळा झालेला पट्टा जोराच्या धक्क्यात त्याच कडेवरून फाटू लागतो. फिरकीच्या बकलमध्ये आपल्याकडची लाल माती बसली की ते अर्धवट अडकते. एका हाताने, भार असतानाही, एका झटक्यात सुटले पाहिजे. एका स्पर्धकाने तर झिजलेली कड सीट कव्हर शिवणाऱ्याकडून दुहेरी टीप मारून आणली होती. टीप सुबक होती, पण प्रत्येक टाक्यागणिक सुईने पट्ट्याला नवे भोक पाडले होते.

जोडणीही तपासली जाते. खांद्याचे पट्टे सीटच्या वरच्या कडेपासून मागे जाताना आडव्या रेषेखाली ४५ अंशांपेक्षा जास्त उतरू नयेत; शक्यतो हा उतार १० अंशांच्या आसपासच ठेवावा.

मिशिगनवासी:
हान्सबाबत मात्र तुमच्या हाती आशा आहे. एसएफआय ३८.१ च्या साधनाचे दर पाच वर्षांनी पुनर्प्रमाणन करता येते: उत्पादक किंवा त्याने नेमलेले केंद्र सांगाडा तडकला आहे का ते पाहते, हेल्मेटला जोडणारे टेदर झिजले असल्यास बदलते आणि नवे लेबल लावते. स्वतः पाहताना टेदर जिथे खाचेतून सरकतात तिथला भाग आणि दोन्ही टोकांची शिवण बारकाईने पाहा. आधी धागे उसवतात ते तिथेच.

हे साधन मिशिगन स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी शर्यतपटू जिम डाउनिंग यांच्यासह घडवले, पण ते सक्तीचे व्हायला फार वेळ लागला. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोना येथील शर्यतीत अमेरिकी चालक डेल अर्नहार्ट यांचा कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने मृत्यू झाला, त्याच वर्षी नॅस्कार या अमेरिकी शर्यत-संस्थेने मान-डोके रोखणारे साधन सक्तीचे केले, आणि फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून आले. अर्नहार्ट यांच्या गाडीत कमरेचा एक पट्टाही तुटलेला सापडला होता, म्हणून पट्टा आणि हान्स यांचा विचार मी कधीच वेगवेगळा करत नाही.

हेल्मेटचे पुनर्प्रमाणन नावाची गोष्टच नाही. आतला फोम एकदा दबला की पूर्ववत होत नाही आणि बाहेरून ते कळत नाही, म्हणून मोठा आघात झालेले हेल्मेट बाद धरावे. स्नेल पाच वर्षांनी बदलण्याचा सल्ला देते. कोणत्या वर्षाचे मानक चालते हे मात्र आयोजक ठरवतो. त्यामुळे हेल्मेटवर पैसे घालण्याआधी तुमच्या स्पर्धेचे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, म्हणजे आयोजकाचे त्या स्पर्धेपुरते नियम, वाचा. हान्सच्या खुंट्या बसवायला हेल्मेटला स्वतः ड्रिलने भोक पाडू नका. एसए२०१५ पासून त्यासाठीचे आटे कारखान्यातच बसवलेले असतात.

कोथरूड_गॅरेज:
आपणा दोघांचे आभार. काल पट्टा पूर्ण उलगडला, तेव्हा ॲडजस्टरखाली दडलेला सहा इंचांचा तुकडा गडद लाल आणि उरलेला सगळा फिकट गुलाबी निघाला. विक्रेत्याच्या घरी तो बहुधा खिडकीतच पडून असावा. हार्नेस बाद करतो आणि हान्स पाठवतो. सूटचे काय करावे?

तपासनीस_नाशिक:
रंग उडण्याएवढे ऊन पट्ट्याने खाल्ले असेल, तर धाग्याची ताकदही गेली असेच समजावे.

नोमेक्सची अग्निरोधकता धाग्यातच असते, ती धुण्याने जात नाही. पण ऑइल स्वतः पेटते, आणि डागाखाली तुमचीच मांडी आहे. साध्या डिटर्जंटने, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता धुवा, उलटा करून सावलीत वाळवा. डाग राहिला किंवा शिवण विरली असेल तर सूट बदला. अग्निशामकही विसरू नका: शेवटच्या भरणीपासून किंवा तपासणीपासून दोन वर्षांच्या आत त्याची पुन्हा तपासणी झाली पाहिजे, आणि ती तारीख बाटलीवर वाचता आली पाहिजे. मागच्या वेळी एकाची तारीख बाटलीच्या पकडपट्टीखाली गेली होती आणि ती सोडवण्यातच त्याच्या सरावाच्या दोन फेऱ्या गेल्या.

आणि तो हार्नेस भंगारात देण्याआधी पट्टे मधोमध कापा, नाहीतर पुढच्या महिन्यात तो कोणीतरी पुन्हा विकायला काढेल.