बी४५० बोर्डावर २२००जी काढून ५६०० बसतो काय?

वडगाव_डीटीपी
नमस्कार मंडळी. घरच्या पीसीवर मराठी-कन्नड लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामं चालतात. कोरल आणि फोटोशॉप एकदम उघडलं की मशीन अडकतंय. प्रोसेसर रायझन ३ २२००जी, बी४५० मदरबोर्ड (२०१९ची खरेदी, बायोस म्हणजे बोर्ड चालू करणारं आतलं सॉफ्टवेअर तेव्हाचंच), ८ जीबीची एकच रॅम, २४० जीबी एसएसडी, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज देणारा डबा). ग्राफिक्स कार्ड नाही. नवा प्रोसेसर कुठला घालू म्हणून विचारलं तर तीन दुकानांत तीन उत्तरं मिळाली: रायझन ५चे ५६००, ५६००जी आणि ७६००. बोर्ड न बदलता यातलं काय बसतंय? विंडोज ११ पण घालायचं आहे. सांगा की.

निपाणीकर
७६०० सोडा. तो एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा). तुमच्या एएम४मध्ये प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात, सॉकेटला भोकं. एएम५मध्ये पिना सॉकेटातच, १७१८, आणि रॅम डीडीआर५. म्हणजे बोर्ड आणि रॅम दोन्ही नवं.

५६०० तुमच्या सॉकेटात बसतो, बायोस नवा असला की चालूही होतो, पण स्क्रीन काळीच राहते. त्याच्या पोटात ग्राफिक्स नाही, आणि बोर्डाच्या मागचं एचडीएमआय प्रोसेसरातल्या ग्राफिक्सवरच चालतंय. लोक बोर्ड गेला समजून धावपळ करतात. ५५०० आणि ५६००एक्सचंही तेच. कार्ड घ्यायचं नसेल तर नावाच्या शेवटी 'जी' किंवा 'जीटी' पाहिजेच: ५६००जी नाहीतर ५६००जीटी.

४ कोर ४ थ्रेडवरून (एका वेळी चालणारी कामं) ६ कोर १२ थ्रेड होतील. आतलं ग्राफिक्स वेगा ८ जाऊन वेगा ७ येतंय म्हणून बिचकू नका, जुनं ११०० मेगाहर्ट्झवर चालायचं, नवं १९००वर. दोन्ही प्रोसेसर ६५ वॅटचे, त्यामुळे ४५० वॅटचा एसएमपीएस चांगल्या कंपनीचा असेल तर तोच ठेवा. विंडोज ११च्या अधिकृत यादीत २२००जी नाही, ५६००जी आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा हा बदल तसाही करावाच लागणार होता.

खानापूर_रोड
निपाणीकरांचं बरोबर, पण पैसे घालण्याआधी एक बघा. कोरल-फोटोशॉप उघडं ठेवून विंडोजचा टास्क मॅनेजर लावा. मेमरी (रॅम) ९०%च्या वर आणि सीपीयू (प्रोसेसर) ५०-६०% असेल तर अडकतंय ते रॅममुळे. ८ जीबीतून ग्राफिक्सही आपला वाटा काढून घेतंय. माझ्या मते पहिली खरेदी ८ जीबीची दुसरी रॅम, त्याच स्पीडची. एकच पट्टी असली की मेमरी सिंगल चॅनलमध्ये, म्हणजे एकाच वाटेनं चालते, आणि आतल्या ग्राफिक्सला ते फार बाधतंय. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा वापरा. एवढ्यानं भागलं तर प्रोसेसर सावकाश घ्या.

टिळकवाडी_हार्डवेअर
आता प्रत्यक्ष बदलायचं. इथेच माल खराब होतो.

बायोस जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच अपडेट करा. आधी नवा बसवला तर मशीन उठणारच नाही. बोर्डाचं मॉडेल आणि रिव्हिजन बोर्डावरच छापलेलं असतंय. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची प्रोसेसर यादी उघडा, ५६००जीपुढे बायोसचा जो आकडा असेल तो किंवा त्यापुढचा घ्या. २०१९च्या बायोसवरून काही बोर्डांना मधली एक पायरी लागते, म्हणून प्रत्येक आवृत्तीखालची टीप वाचा. पेनड्राइव्ह एफएटी३२. आणि यूपीएसशिवाय हात लावू नका. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि बायोस अपडेट अर्ध्यात तुटलं की बोर्ड मेला.

कूलर काढण्याआधी मशीन १०-१५ मिनिटं चालवून बंद करा, प्लग काढा. प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहणारी पेस्ट मऊ असतानाच कूलरचे चार स्क्रू आळीपाळीनं सैल करा आणि कूलर डावी-उजवीकडे फिरवून सुटा करा. सरळ वर ओढलात तर वाळलेल्या पेस्टसकट प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. स्क्रू निघाले की बोर्डामागची पट्टी सुटी होते, तिला हातानं धरा.

वडगावात कापडाच्या मागांची धूळ फार. कूलरच्या पात्यांत तंतूंची गादी बसलेली असणार, ती ब्रशनं काढा, पंखा बोटानं धरून. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, नवी तुरीच्या दाण्याएवढी पुरे. सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आणा, सॉकेटची दांडी उभी ठेवून प्रोसेसर नुसता ठेवा. तो आपल्या वजनानं बसला पाहिजे. दाबावा लागला तर थांबा, कुठली तरी पिन वाकडी आहे.

वडगाव_डीटीपी
टास्क मॅनेजर बघितलं. मेमरी ९४%, सीपीयू ७० ते १००. म्हणजे दोन्ही घ्यावं लागतंय. विंडोज परत घालावं लागेल काय?

टिळकवाडी_हार्डवेअर
नाही, तेच विंडोज उठतंय. फक्त पहिल्यांदा चालू करताना काळ्या स्क्रीनवर नवा प्रोसेसर दिसल्याचं सांगून एफटीपीएम (प्रोसेसरातली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची जागा) रीसेट करू काय म्हणून विचारतंय, वाय की एन. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल आणि वाय दाबलात तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. म्हणून आधीच बिटलॉकर थांबवा आणि की कागदावर लिहून घ्या. बायोस अपडेटनंतर बायोसमधलं रॅमच्या स्पीडचं प्रोफाइल बंद होतंय, ते परत चालू करा.