जुन्या लॅपटॉपवर नाटकाचे पार्श्वसंगीत करण्यासाठी मोफत किंवा स्वस्त सॉफ्टवेअर सिंथ कोणता निवडावा?

प्रश्न : आरमोरी_ऑर्गन

नमस्कार मंडळी,

मी गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी तालुक्यात राहतो आणि झाडीपट्टीच्या नाटकांना ऑर्गनची साथ करतो. दिवाळीनंतर मंडईचे (गावोगावच्या जत्रांचे) आणि शंकरपटाचे (बैलांच्या शर्यतीचे) दिवस सुरू झाले की रात्री नाटक आणि दिवसा झोप असा आमचा क्रम असतो, त्यामुळे नवीन काही शिकायचे आणि तयार करायचे असेल तर ते पावसाळ्यातच करावे लागते. यंदा दोन नाटकांचे पार्श्वसंगीत घरीच तयार करून द्यावे, असे ठरवले आहे. प्रवेश बदलतानाचे छोटे तुकडे, करुण प्रसंगाखाली चालणारा लांब धरलेला स्वरसमूह, खलनायकाच्या प्रवेशाचा खर्जातला आवाज आणि नांदीच्या आधी वाजणारा एकतारीसारखा अखंड सूर, एवढे मला हवे आहे.

माझ्याकडे जुना घेतलेला दोन कोअरचा आय-थ्री लॅपटॉप आहे. त्यात ४ जीबी रॅम आणि ६४ बिटचे विंडोज १० आहे. जोडीला संगणकाला जोडायचा ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड आणि वायरचा हेडफोन आहे. इंटरनेट मोबाइलचेच असल्याने मोठमोठ्या फाइली उतरवणे अवघड जाते. मोफत सिंथच्या, म्हणजे संगणकावर आवाज घडवणाऱ्या सॉफ्टवेअर वाद्यांच्या, याद्या खूप सापडतात, परंतु त्या वाचून कोणता घ्यावा हे कळण्याऐवजी गोंधळच वाढतो. माझ्या कामासाठी आणि माझ्या यंत्रावर कोणता सिंथ योग्य ठरेल? त्यासाठी पैसे खर्च करावे लागतील का? खर्च करायचाच झाला तर दोन हजार रुपयांपर्यंत माझी तयारी आहे.

उत्तर : वैनगंगा_वडसा

भाऊ, नमस्कार. मीही वडशातल्या नाटक कंपन्यांसाठी हेच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

याद्यांमध्ये सिंथ आवाजाच्या श्रीमंतीवर मोजलेले असतात. आपल्याला मात्र ते यंत्रावरील भारावर मोजावे लागतात, कारण दोन कोअरच्या लॅपटॉपवर एका सिंथचे चार ट्रॅक चालले नाहीत तर तो कितीही गोड वाजला तरी नाटकाच्या कामाचा नाही. या कसोटीवर माझी पहिली शिफारस टाल कंपनीच्या नॉइजमेकरची आहे. तो पूर्ण मोफत आहे, फाइल लहान आहे, प्रोसेसरवर भार फार कमी पडतो आणि रिव्हर्ब व कोरस त्यातच असल्याने वेगळे इफेक्ट जोडावे लागत नाहीत. त्याच तोडीचा दुसरा हलका पर्याय म्हणजे इचिरो तोडा या जपानी प्रोग्रामरचा सिंथ-वन. क्लाव्हिया कंपनीच्या नॉर्ड लीड २ या वाद्याच्या धर्तीवर बनवलेला हा सिंथ २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांपासून जगभर वापरात आहे. मात्र तो व्हीएसटी-टू या जुन्या प्लगइन-स्वरूपातच मिळतो आणि काही नव्या होस्ट सॉफ्टवेअरांनी (ज्यांत सिंथ उघडून ट्रॅक तयार करतात) त्या स्वरूपाचा आधार काढून घेतला आहे, हे लक्षात असू द्यावे.

आता नॉइजमेकरमध्ये करुण प्रसंगाचा स्वरसमूह कसा तयार करावा, ते सांगतो. तुम्ही पेटी-ऑर्गनवाले असल्याने ही गोष्ट तुम्हाला लगेच उमगेल. या सिंथमध्ये दोन मुख्य ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारे भाग) आणि एक सब-ऑसिलेटर आहे. पेटीत जसे खर्ज, नर आणि मादी असे सुरांचे संच असतात, तसेच यांच्याकडे पाहावे. पहिला ऑसिलेटर करवती लहरीवर ठेवून त्याला नर समजावे. सब-ऑसिलेटर एक सप्तक खाली वाजतो, तो आपला खर्ज. त्याचा आवाज निम्म्याहून कमी ठेवावा, नाहीतर स्पीकरवर नुसती घरघर ऐकू येते. दुसरा ऑसिलेटर एक सप्तक वर नेला की मादी मिळते, आणि तो अगदी किंचित बेसूर केला, म्हणजे ५ ते ८ सेंटच (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), की जोडसुरातून येणारी सावकाश लहर ऐकू येऊ लागते. त्यानंतर फिल्टर (वरचे तीव्र नाद कापणारा भाग) निम्म्याच्या आसपास बंद करावा, अटॅक वाढवून स्वर हळूहळू उमलू द्यावा आणि रिलीज (पट्टी सोडल्यावर स्वर विरण्याचा वेळ) लांब ठेवावा. एवढे झाले की प्रीसेटच्या (तयार आवाजांच्या) यादीत शोधत बसण्याची गरज राहत नाही.

व्हायटलचे नाव तुम्ही वाचले असेलच. मॅट टायटेल यांनी २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला आणि मोफत सिंथमध्ये इतका ताकदीचा वेव्हटेबल सिंथ (साठवलेल्या लहरींच्या तक्त्यांतून आवाज घडवणारा) दुसरा क्वचितच सापडेल, यात शंका नाही. मोफत आवृत्तीतही संपूर्ण इंजिन मिळते; २५ आणि ८० डॉलरच्या आवृत्त्यांत मुख्यतः प्रीसेट आणि वेव्हटेबल जास्त असतात. परंतु त्याची हलणारी चित्रे ग्राफिक्स चिपकडून काढून घेतली जातात आणि अनेक स्वर एकदम धरले की जुना प्रोसेसर दमतो. म्हणून तुमच्या लॅपटॉपवर तो मी रोजच्या कामासाठी सुचवणार नाही. खलनायकाच्या प्रवेशासाठी एखादाच ट्रॅक करायचा असेल तर तो करून रीपर या होस्टमध्ये फ्रीज करावा. फ्रीज केल्यावर त्या ट्रॅकचे तयार ध्वनीत रूपांतर होते आणि सिंथचा भार उतरतो.

बफरबद्दलही, म्हणजे संगणक वाजवण्याआधी तयार करून ठेवतो त्या ध्वनीच्या साठ्याबद्दलही, सांगतो. ४४,१०० हर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंदांचा उशीर, ५१२ म्हणजे सुमारे १२ आणि १,०२४ म्हणजे सुमारे २३. ड्रायव्हर आणि कीबोर्ड यांचा उशीर त्यात आणखी मिळतो. वाजवताना २५६ किंवा ५१२ ठेवावा आणि शेवटची जुळवाजुळव करताना १,०२४ करावा. लॅपटॉपमधल्या साउंड कार्डासाठी एसिओ-फॉर-ऑल हा मोफत ड्रायव्हर घालावा, कारण विंडोजच्या नेहमीच्या वाटेने गेल्यास उशीर इतका होतो की पट्टी दाबल्यावर स्वर मागून येतो. दोन हजार रुपये सध्या खर्च करू नका.

उत्तर : खंजिरी_तिवसा

जय गुरु!

वरच्या उत्तरातील बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत, पण एका ठिकाणी माझे मत निराळे आहे. आमच्याकडे राष्ट्रसंतांच्या भजनांची परंपरा घरोघरी आहे, आणि खंजिरी-पेटीच्या साथीवर वाढलेल्या कानाला सिंथच्या स्वरसमूहात जी गोष्ट सर्वात आधी खटकते, ती आवाजाच्या पोताची नसून स्वरांच्या जागेची असते. करुण प्रसंगाखाली सा-ग-प लांब धरला की कीबोर्डचा शुद्ध गंधार चढा लागतो. समान अंतराच्या बारा स्वरांत तो षड्जापासून ४०० सेंटवर असतो आणि ५/४ या गुणोत्तराचा नैसर्गिक गंधार ३८६ सेंटवर असतो. कोमल गंधाराची गोष्ट उलटी आहे. ६/५ चा कोमल गंधार सुमारे ३१६ सेंटवर असतो आणि कीबोर्डवर तो ३०० वर, म्हणजे उतरलेला मिळतो. झटपट चालीत हे झाकले जाते, परंतु नाटकातला संथ प्रसंग चालू असताना प्रेक्षक शांत असतात आणि स्वर बराच वेळ टिकून राहतो, तेव्हा ते झाकले जात नाही.

म्हणून नॉइजमेकरसोबत सर्ज एक्सटीही उतरवून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. क्लास जोहान्सन यांनी व्हेंबर ऑडिओ या नावाखाली विकलेला हा सिंथ २०१८ मध्ये मुक्त स्रोत झाला आणि तेव्हापासून जगभरातील स्वयंसेवक तो वाढवत आहेत. त्याला विकतचा परवाना, खाते किंवा मुदत असे काहीच नाही. त्यात स्वरांच्या जागा ठरवणारी, स्काला स्वरूपाची ट्यूनिंग फाइल चढवता येते आणि ती फाइल तुम्ही नोटपॅडमध्ये स्वतः लिहू शकता. पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत १२ हा आकडा आणि पुढे एकेका ओळीवर एक गुणोत्तर : १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, ४५/३२, ३/२, ८/५, ५/३, ९/५, १५/८ आणि शेवटी २/१. षड्ज लिहायचा नसतो, तो गृहीत असतो. फाइलीतले आकडे मात्र इंग्रजी अंकांत लिहावेत आणि नावाच्या शेवटी एससीएल हे विस्तारनाम द्यावे.

यात एक अडचण आहे. ही फाइल पांढरी एकला षड्ज धरते. नायिकेची गाण्याची पट्टी काळी चार असेल आणि तुम्ही तशाच ट्यूनिंगमध्ये काळी चारपासून वाजवलेत, तर सगळी गुणोत्तरे चुकीच्या स्वरांवर जाऊन बसतील आणि आधीपेक्षा वाईट ऐकू येईल. त्यासाठी सर्जमध्ये कीबोर्ड-मॅपिंगची दुसरी फाइल चढवण्याची सोय आहे. तिच्यात आधारस्वर बदलून घ्यावा. प्रत्येक पट्टीसाठी एकेक मॅपिंग फाइल करून ठेवली की हंगामभर पुरते.

तुमच्या एकतारीसाठीही सर्जच घ्यावा. त्यात स्ट्रिंग नावाचा ऑसिलेटर आहे. तो ताणलेल्या तारेच्या कंपनाचे गणित चालवून आवाज तयार करतो, त्यामुळे ध्वनिमुद्रित नमुन्यांच्या मोठ्या फाइली लागत नाहीत. त्यात दोन तारा असतात. दोन्हींचा डिके (सूर विरण्याचा वेळ) लांब ठेवून दुसरी तार केसभर खाली उतरवली की छेडल्यानंतर घुमत राहणारा सूर मिळतो. पेटीचा हुबेहूब आवाज हवा असेल तर मात्र कोणत्याही सिंथच्या नादी लागू नये. त्यासाठी डिसेंट सॅम्पलर किंवा स्फोरझांडो हे मोफत सॅम्पलर (ध्वनिमुद्रित सूर पट्ट्यांवर वाजवणारी सॉफ्टवेअर) आहेत, आणि तुमच्याजवळ खरा ऑर्गन असताना त्याचे एकेक सूर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून स्वतःचा संच बनवणे सर्वात उत्तम. तो आवाज दुसऱ्या कोणाकडे नसेल.

उत्तर : पुसद_ध्वनी

सिंथबद्दल वरील दोघांनी लिहिले आहे, मी होस्टविषयी थोडक्यात लिहितो. रीपरचा इंस्टॉलर लहान आहे, त्याची ६० दिवसांची चाचणी पूर्ण क्षमतेची असते आणि वैयक्तिक वापरासाठीचा परवाना ६० डॉलरचा आहे. ही रक्कम तुमच्या दोन हजारांत बसत नाही, परंतु पुढे हंगामाच्या कमाईतून पैसे खर्च करायचेच झाले तर सिंथवर न करता इथे करावेत. पूर्ण मोफत हवे असेल तर एलएमएमएस आहे. त्याच्यासोबत झिनअ‍ॅडसबएफएक्स हा मुक्त स्रोत सिंथ आपोआप येतो आणि त्याचे पॅड आवाज नाटकासाठी फार उपयोगी आहेत. मात्र एलएमएमएसच्या स्थिर आवृत्तीत माइकवरून गायन ध्वनिमुद्रित करता येत नाही, ते काम ऑडासिटीत वेगळे करावे लागते.

तालुक्याच्या गावात पेन ड्राइव्हवर महागड्या सिंथच्या फोडलेल्या प्रती सहज मिळतात. त्या घेऊ नका. त्यांच्यासोबत येणारे व्हायरस तुमचा लॅपटॉप ऐन हंगामात बंद पाडू शकतात, आणि ज्याने वर्षानुवर्षे खपून वाद्य बनवले त्याचा मेहनताना बुडवणे हे आपणा कलावंतांना शोभणारे नाही. आपल्या नाटकाची ध्वनिफीत कोणी न विचारता विकली तर आपल्याला जे वाटेल, तेच त्यालाही वाटते. वर सांगितलेले सर्व सिंथ नेहमी निर्मात्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावेत. नेट चांगले असलेल्या ठिकाणी एकदाच उतरवून इंस्टॉलर जपून ठेवले की पुन्हा डेटा खर्च होत नाही.

प्रश्नकर्ता : आरमोरी_ऑर्गन

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. नॉइजमेकर आणि सर्ज एक्सटी दोन्ही उतरवले. खर्ज-नर-मादीच्या हिशेबाने केलेला स्वरसमूह पहिल्याच बैठकीत मनासारखा झाला आणि आमच्या दिग्दर्शकांनाही तो आवडला. आता दोन शंका उरल्या आहेत. ऑर्गनवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणे) निघत नाही, म्हणून ती सिंथवर काढण्याची माझी फार इच्छा आहे. परंतु पिच व्हील (स्वर वर-खाली सरकवणारे कीबोर्डवरचे चाक) फिरवले की स्वर ठरलेल्या जागी थांबत नाही. दुसरे असे की, वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू लागला की तेच ट्रॅक तडतडू लागतात. वीज असताना हा त्रास होत नाही.

उत्तर : वैनगंगा_वडसा

तडतडीचे कारण साधे आहे. बॅटरीवर गेल्यावर विंडोज वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवते आणि बफर वेळेत भरला जात नाही. पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन बॅटरीसाठीही हाय परफॉर्मन्स निवडावे, वाय-फाय बंद करावे आणि बफर १,०२४ करावा. बॅटरी लवकर उतरेल, म्हणून तेवढ्या वेळात वाजवण्याचे काम न करता आधी वाजवलेल्या स्वरांची दुरुस्ती करावी.

मींडेसाठी दोन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि कोणती घ्यायची हे प्रसंगावर ठरते. पहिली पोर्टामेंटोची. सिंथ एकस्वरी करावा, लेगाटो चालू करावे, आणि पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली तरच स्वर सरकेल अशी मांडणी करावी. मग तुटक वाजवलेले स्वर सरळ लागतात आणि जोडलेले सरकत जातात. सरकण्याचा वेळ १०० ते २०० मिलिसेकंदांच्या दरम्यान ठेवून पाहावा. त्याहून जास्त झाला की करुण प्रसंगात बासरीऐवजी भोंगा ऐकू येतो. या वाटेने स्वर चुकत नाही, कारण शेवटी तो पट्टीवरच येऊन थांबतो.

दुसरी वाट पिच व्हीलची. स्वर जागी न थांबण्याचे एक कारण बहुधा बेंडची कक्षा, म्हणजे व्हील शेवटपर्यंत फिरवल्यावर स्वर किती सरकतो ते अंतर, असावे. अनेक प्रीसेटमध्ये ती १२ सेमीटोन (अर्धे स्वर) ठेवलेली असते आणि तेवढ्या कक्षेत बोटाच्या किंचित हालचालीनेही स्वर पार पुढे निघून जातो. तुम्हाला गंधारावरून पंचमावर जायचे असेल तर अंतर तीनच सेमीटोनांचे आहे. कक्षाही तीनच ठेवावी, म्हणजे व्हील शेवटपर्यंत नेले की स्वर आपोआप पंचमावर लागतो आणि बोटाला आधार मिळतो. सर्जमध्ये बेंडची वरची आणि खालची कक्षा वेगवेगळी ठरवता येते, त्यामुळे वर तीन आणि खाली दोन अशी मांडणीही करता येईल. खंजिरीभाऊंनी सांगितलेले नैसर्गिक ट्यूनिंग चढवलेले असेल तर मींडेसाठी पोर्टामेंटोची वाट घेणे बरे, कारण तीत दोन्ही टोकांचे स्वर तुमच्या फाइलीतलेच मिळतात.