कामाचं लेखन सुधारायचंय, सुरुवात कुठून करू?

महापे_सेकंड_शिफ्ट:
टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात मेंटेनन्सचं काम. दिवसाला सात-आठ मेल, आठवड्याला एखादा ब्रेकडाउन अहवाल, शिवाय शॉप फ्लोअरवर लावायच्या मराठी सूचना. मेल वाचून लोक फोन करतात, "म्हणजे नेमकं काय हवंय?" व्याकरणाचं पुस्तक घेऊ की कोर्स लावू? ठाणे ते घणसोली लोकलमधला पाव तास आणि रविवारचा एक तास, एवढाच वेळ हाताशी आहे.

तपासनीस_नौपाडा:
कोर्स राहू द्या. "नेमकं काय हवंय" असा फोन येतो तेव्हा व्याकरण सहसा ठीकच असतं. मागणी तळाशी दडलेली असते, नाहीतर लिहायचीच राहिलेली असते. ज्या मेलवर असा उलटा प्रश्न आला, ते गेल्या महिन्यातले दहा मेल शोधून काढा. प्रत्येकात कोणी करायचं, काय करायचं आणि कधीपर्यंत, याखाली रेघ मारा. निम्म्या मेलमध्ये रेघ मारायला जागाच मिळणार नाही.

नमुना बघा: "दि. ४ रोजीच्या बैठकीत चर्चा झाल्यानुसार पंप क्र. ३ च्या सीलबाबत अद्याप कार्यवाही झालेली नसून, तरी याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी."

हे असं लिहा: "पंप क्र. ३ चे मेकॅनिकल सील शुक्रवारी, १४ तारखेला, दुपारी ४ पर्यंत आमच्या स्टोअरमध्ये पोचवावे. ते न आल्यास शनिवारचे शटडाउन पुढे ढकलावे लागेल. माल निघाल्यावर एलआर नंबर कळवावा."

शब्द पाच-सहा वाढले (एलआर म्हणजे लॉरी रिसीट, मालवाहतुकीची पावती), पण आता फोन करायची गरज उरत नाही. आपण घडलं त्या क्रमाने लिहितो: आधी बैठक, मग चर्चा, मग मागणी. वाचणाऱ्याला मात्र मागणी पहिल्या ओळीत हवी असते. बैठक झाली हे त्यालाही माहीत असतं. "योग्य ती कार्यवाही" म्हणजे कुठली, हे लिहिणाऱ्याने ठरवलेलं नसतं म्हणून तो शब्दप्रयोग येतो. इंग्रजी मेलमधलं "डू द नीडफुल" त्याच माळेतलं.

लोकलमधल्या पाव तासात रोज एकच जुना मेल फोनच्या नोट्समध्ये निम्म्या शब्दांत लिहून काढा. आकडे, तारखा, नावं यांना हात लावायचा नाही. "याद्वारे कळविण्यात येते की" छाटायचं. दुसऱ्या दिवशी तोच मोठ्याने वाचा (लोकलमध्ये पुटपुटलात तरी चालेल). जिथे दम लागेल तिथे वाक्य तोडा.

बेअरिंग_गेलं:
अहवालाचं दुखणं वेगळं. त्यात दिसलेलं आणि वाटलेलं एकाच वाक्यात मिसळतं. "बेअरिंग खराब झाल्याने मोटर ट्रिप झाली" (म्हणजे आपोआप बंद पडली) हे निदान झालं, नोंद नव्हे. नोंद अशी: "१०.४० ला मोटर ओव्हरलोडवर ट्रिप. शाफ्ट हाताने फिरवताना ड्राइव्ह एंडला अडकत होता. ग्रीस काळे व कडक." मग वेगळ्या ओळीत: "वंगण कमी पडले असावे, बेअरिंग उघडल्यावर नक्की कळेल." उद्या कारण दुसरंच निघालं तरी वरच्या तीन ओळी खऱ्याच राहतात. आणि "तापमान जास्त होते" कधीच नको. किती होतं, नेहमी किती असतं, कुठे मोजलं, हे तिन्ही हवं.

मुद्रितशोधन_ठाणे:
मराठी सूचनांबद्दल. शुद्धलेखनाचे मान्य नियम एकूण १८ (१९६२ साली १४, पुढे १९७२ मध्ये आणखी ४). सगळे पाठ करू नका. फलकावर बहुतेकदा दोनच अडतात. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: पाणी, चालू. "आणि", "नि" हे अपवाद. दुसरं, शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ असेल तर विभक्ती लागल्यावर तो ऱ्हस्व होतो: वीज पण विजेचा, जमीन पण जमिनीवर. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत: शरीर, शरीराला.

शब्द अडला तर राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेतच. पण फ्लोअरवर सगळे "व्हॉल्व्ह" म्हणत असतील तर फलकावर "झडप" लिहू नका. एकाच वस्तूला वर व्हॉल्व्ह आणि खाली झडप म्हटलं तर वाचणारा दोन वस्तू समजतो. वाक्यात कृतीचा क्रमही पाळा: "वीजपुरवठा बंद करा, कुलूप लावा, मग पॅनल उघडा." "पॅनल उघडण्यापूर्वी" ने सुरुवात केलीत तर घाईतला माणूस "पॅनल उघड" एवढंच वाचतो.

टाइप युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉण्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हं दिसतात.

ऐरोली_नॉलेज:
तपासनीस, थोडं असहमत. छाटताना "कृपया" आणि "धन्यवाद"ही गेले तर वरिष्ठांना मेल उद्धट वाटतो. ते दोन शब्द राहू द्या. आणि "टू"ची चौकट सगळ्यात शेवटी भरा, म्हणजे अर्धा मेल चुकून जात नाही. जीमेलमध्ये "अनडू सेंड" (पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत) ३० सेकंदांवर नेऊन ठेवा.

महापे_सेकंड_शिफ्ट:
एआयकडून मेल दुरुस्त करून घेतला तर?

तपासनीस_नौपाडा:
आधी स्वतः लिहा. मग त्याला "नीट कर" सांगू नका, "यातल्या कुठल्या वाक्याचे दोन अर्थ निघतात?" असं विचारा. "नीट कर" म्हटलंत की भाषा गुळगुळीत होते, पण पंप क्र. ३ की ४ हे त्याला कुठून कळणार? आणि ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग, दर त्यात चिकटवण्याआधी कंपनीचा नियम बघा.