स्मिता पाटील : सोसायटीच्या हॉलमध्ये कोणता सिनेमा लावायचा?

सचिव : 17 ऑक्टोबर हा स्मिता पाटील यांचा जन्मदिवस. एकच सिनेमा लावता येईल. नावं सांगा.

ए-101 : ‘भूमिका’ (1977). अभिनेत्री हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रावर बेतलेला. पहिलं राष्ट्रीय पारितोषिक त्यालाच. विशीतल्या मुलीने नटीचं अर्धं आयुष्य पेललंय!

सी-404 : किंवा ‘चक्र’ (1981)? दुसरं राष्ट्रीय पारितोषिक, जयवंत दळवींची कादंबरी.

बी-302 : दादा, ‘चक्र’ला पोरंटोरं पुढे बसलेली नकोत. आणि ‘भूमिका’ थोर असला तरी काळ सारखा मागेपुढे जातो, काही भाग कृष्णधवल. आपल्याकडे माणसं चहाला उठतात, परत आली की “हा कोण?” सुरू. ‘उंबरठा’ (1982) सरळ पुढे जातो.

ए-101 : पण काकू, तो जड नाही का होणार?

बी-302 : जडच आहे. पण रडारड नाही. सुलभा (स्मिता) महिलाश्रमाची नोकरी सोडून घरी येते आणि नवरा (गिरीश कार्नाड) आपल्या दुसऱ्या संबंधाबद्दल शांतपणे सांगतो. आवाज चढत नाही, म्हणून जास्त लागतं. विजय तेंडुलकरांची पटकथा आहे, उगाच नाही.

सी-404 : मान्य. मग आधीच सांगतो, जुना सिनेमा रुंद पडद्यावर ताणून लावू नका, चेहरे फुगतात आणि इथे सगळं काम चेहऱ्यावर आहे. प्रोजेक्टरच्या मेनूत आस्पेक्ट रेशो (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) ‘ओरिजिनल’ ठेवा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर दिसू देत. ब्राइटनेस वाढवून अंधारे प्रसंग उजळत नाहीत, काळं फक्त करडं होतं. त्यापेक्षा जिन्यातली ट्यूब बंद करा. स्पीकर पडद्यापाशीच ठेवा. मागच्या कोपऱ्यात ठेवला की हॉल घुमतो आणि हळू संवाद आधी जातात.

डी-203 : आम्हाला मराठी बोललेलं कळतं, भरभर असलं की सुटतं 🙏

बी-302 : भाभी, याचीच हिंदी आवृत्ती ‘सुबह’ आहे. पण शक्यतो मराठीच लावू, सबटायटल असलेली प्रत बघा. आणि गाणी पुढे ढकलायची नाहीत हं, ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ तर अजिबात नाही.

सचिव : ओटीटीवरून लावू?

ए-101 : घरगुती सबस्क्रिप्शन हॉलसाठी नसतं. हक्क कोणाकडे आहेत ते शोधून लेखी परवानगी मागा, आजच मेल टाका.

सचिव : टाकतो. ट्यूबचं वॉचमनला सांगून ठेवतो.