जांभ्या चिऱ्याच्या जुन्या घराला सिमेंट लावावे का?

राजांगण (फोंडा)
शंभर वर्षे ओलांडलेल्या आमच्या वडिलोपार्जित घरात मी आणि माझी पत्नी बाराही महिने राहतो. यंदा गणेशचवथीला भावबंद जमले, तेव्हा राजांगणावर, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या अंगणावर, पत्रे घालावेत, मागच्या खोल्या पाडून स्लॅब ओतावा आणि उरलेल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा द्यावा, असा विचार पुढे आला. माझा याला विरोध आहे आणि तो केवळ मायेपोटी नाही. देवघराच्या भिंतीला पूर्वी सिमेंट लावले होते. गेल्या उन्हाळ्यात तो गिलावा फोडला, तेव्हा ऐन मे महिन्यात आतला चिरा ओला होता आणि बोट फिरवले की तांबडी माती बोटाला लागत होती. चिरा जमिनीतली ओल शोषतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती वाळून जाते. सिमेंटने ती वाट बुजवली की ओल भिंतीत वर चढते आणि भिंतीत घातलेले तुळईचे टोक कुजवते. चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची जी माटोळी टांगतात, तिचा भार आमच्याकडे याच तुळईवर असतो. घर पाडून नव्हे, जुन्या रीतीनेच दुरुस्त करून त्यात राहावे, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते?

माहेरवाशीण
मी सहमत नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने गोव्यात लेकींनाही लेकांइतकाच वाटा दिला, त्यामुळे अशा घराच्या खर्चात आणि काळजीत मीही भागीदार आहे. आमच्याकडे न्हाणीला जायचे तर उघडे राजांगण ओलांडावे लागते. आषाढात शेवाळ धरलेल्या त्या चिऱ्यांवर माझी आई घसरली आणि तिचे मनगट मोडले. माकडे कौले फोडतात आणि मे महिन्यात शाकारणी करायला छपरावर चढणारा माणूस मिळत नाही. शिवाय जुने म्हणजे नेमके कोणते? बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला आजच्या चपट्या कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये. त्याआधी आपल्या छपरांवर नळीची कौले होती. पूर्वजांनी सोय पाहून बदल केला, मग तो हक्क आम्हालाच का नसावा?

चुनखडी
घरांच्या दुरुस्तीची कामे मी करतो, म्हणून दोघांनाही थोडे सांगावेसे वाटते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, म्हणून तो पातळ थरांत, मध्ये दिवस जाऊ देऊन आणि ओलसर ठेवून लावावा लागतो. चवथीआधी आटपा म्हणून पावसात केलेले काम टिकत नाही, आणि मग लोक दोष चुन्याला देतात. बळकटी यावी म्हणून त्यात सिमेंट मिसळणे हा त्याहून वाईट उपाय होय. मात्र वासे वाळवीने पोकळ झाले असतील, तर कौलांखाली लोखंडी सांगाडा घालण्यास मी आडकाठी करणार नाही. प्रत्येक वेळी सागवानाचाच आग्रह धरला, तर बरीच घरे पैशाअभावी पडतील.

राजांगण (फोंडा)
लोखंडी सांगाड्याचे मला पटले. माहेरवाशीणताईंच्या आईंचे वाचून वाईट वाटले. न्हाणी शयनगृहाला लागून नवी बांधावी, त्यासाठी मागची एखादी खोली गेली तरी चालेल. पण राजांगणावर पत्रे घालू नयेत. भोवतालच्या सर्व खोल्यांना उजेड तिथूनच मिळतो आणि तापलेली हवा तिथूनच वर निघून जाते. आमच्या राजांगणात शेवाळ वाढायचे ते पावसामुळे नव्हे, तर पाणी बाहेर नेणारा दगडी मोरा मातीने तुंबल्यामुळे. तो उपसल्यावर पाऊस ओसरताच फरशी कोरडी पडू लागली.

माहेरवाशीण
मोरा मी या आठवड्यातच पाहून घेते. परंतु शाकारणीचा प्रश्न तसाच राहिला आहे. आपण तिथे राहता म्हणून गळती आपल्याला त्याच रात्री कळते. वर्षातून दोनदा दार उघडणाऱ्या घरात ती वासे कुजल्यावरच दिसते. अशा घरांच्या छपरावर पत्रा घालू नये, असे आपण सांगाल का?

राजांगण (फोंडा)
नाही, बंद घराला ते मी सांगणार नाही. तिथे पत्रा घाला. फक्त तो कौलांपासून वीतभर वर ठेवा, म्हणजे खालून वारा खेळेल, आणि भिंतींना सिमेंट लावू नका.